हिलालभाऊंच्या गाडीचा पंखा

हिलालभाऊ आणि मी सुरतेच्या दिंडोलीत एकाच सोसायटीत समोरासमोर राहतो. मी पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये हिशेब पाहतो, म्हणून ते मला 'मेताजी' म्हणतात. ते स्वतः आयुष्यभर कतारगामच्या एका यंत्रमागाच्या, लूमच्या कारखान्यात होते. आधी कारीगर, मग जॉबर, म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करून पुन्हा चालू करून देणारा माणूस. त्या शेडमध्ये मी एकदा गेलो होतो. दारातच लूमच्या खडखडाटाने माझे कान बंद झाले आणि शेठ काय बोलत आहेत ते एक अक्षर कळलं नाही. हिलालभाऊंना मात्र कळत होतं. ते शेठच्या ओठांकडे पाहत होते.

लूमवर काम केलेल्या बहुतेकांचे कान थोडेफार जातात. हिलालभाऊंचे बरेच गेले. समोर बसून, तोंड दिसेल असं बोललं तर त्यांना सगळं समजतं. पाठीमागून हाक मारली तर कावळा ओरडला काय आणि आपण काय, सारखंच. मुलीने, हर्षदाने, कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी महिनाभर लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, "यात लूम पुन्हा चालू झाल्यासारखी वाटते."

कान गेल्याचं त्यांना फार वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं, फोनचं. गावाकडे, साक्रीच्या पुढे पांझरेच्या काठी, त्यांचा मोठा भाऊ असतो, लोटूअप्पा. वडील निंबा लवकर वारले तेव्हा अप्पांनीच हिलालभाऊंना वाढवलं आणि मिसरूड फुटायच्या वयात नंदुरबारला गाडीत बसवून सुरतेला पाठवलं. या अप्पांचा फोन दर रविवारी येतो. फोन मालतीवहिनी घेतात, कारण हिलालभाऊंना फोनवर ओठ दिसत नाहीत. अप्पा बोलत राहतात, वहिनी "हा, हा" करत राहतात आणि हिलालभाऊ समोर बसून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत राहतात.

"काय म्हणाला?"

"बरं आहे म्हणतात."

"इतका वेळ बोलला आणि एवढंच?"

"पाऊस नाही म्हणतात. म्हैस व्याली म्हणतात. आणखी काय सांगू, तुमचे अप्पा एक गोष्ट तीनदा सांगतात."

"मग तूपण तीनदा सांग!"

हे भांडण मी अनेकदा ऐकलं आहे. एकदा व्हिडिओ कॉलचाही प्रयत्न झाला. अप्पांचा हात थरथरतो, त्यामुळे पडद्यावर कधी छताच्या पत्र्याचं टोक, कधी नुसतं कपाळ दिसायचं. तोंड काही दिसलं नाही. हिलालभाऊ त्या कपाळाकडे कॉल संपेपर्यंत पाहत होते. नंतर मला म्हणाले, "मेताजी, तुमच्या वहिनीच्या तोंडून भावाचं बोलणं ऐकलं की नुसते शब्द येतात. माणूस येत नाही."

गावी जाणं सोपं नव्हतं. खानदेशातली माणसं गावी जातात ती श्रावणात, कानबाईला. रविवारी देवी बसते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. माणूस सुरतेला असो की दुबईला, त्याच्या नावाची मूठ घ्यायचीच. अप्पा हिलालभाऊंच्या नावाची मूठ दरवर्षी घेत आले. पण कानबाईला अर्धा कारखाना गावी पळतो, आणि उरलेला अर्धा चालवायला शेठला जॉबर हवाच असतो. त्यामुळे सगळी उमर हिलालभाऊंच्या वाटचे रोट पुतणे खात राहिले. नोकरी सुटली तेव्हा वहिनींचं कमरेचं ऑपरेशन झालेलं. कानबाईच्या दिवसांत भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते आणि वहिनींना उभं राहवत नाही.

म्हणून गाडी.

शेठची एक जुनी छोटी मोटार कारखान्याच्या कंपाउंडमध्ये, भट्टीच्या लाकडांशेजारी पडून होती. हिलालभाऊंनी ती निरोपाच्या दिवशी मागून घेतली. कारखान्याचा टेम्पो ते पूर्वी चालवत असत, त्यामुळे चालवण्याचा प्रश्न नव्हता. कानांचं विचारलं तर म्हणत, "तीन आरसे आहेत ना? तेवढे कान कुणाला असतात?" लूम बसवणाऱ्या हाताने त्यांनी ती गाडी उभी केली. मी तिच्यातून बारडोलीपर्यंत जाऊन आलो. तक्रारीला जागा नव्हती.

मग कानबाई जवळ आली आणि त्यांना वाटलं, इतक्या वर्षांनी जायचं तर अशी गंज खाल्लेली गाडी अंगणात उभी करायची? भाऊबंद काय म्हणतील? त्यांनी ती उधन्याला एका पेंटरकडे टाकली. शाळेच्या भिंतीसारखी पांढरीशुभ्र होऊन आली. बोनेटच्या आतसुद्धा रंग मारून घेतला होता. सोसायटीतल्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं.

ते गेल्या वर्षीचं. त्या वर्षी ते दोघंच निघाले आणि कोंडाईबारी घाटाच्या पायथ्याशी गाडी उकळली. वहिनी सांगतात, "चहाचं आधण यावं तसा आवाज येत होता. मी ओरडते आहे आणि हे मजेत गिअर बदलत आहेत." रस्त्याच्या कडेला तास-दोन तास थांबून, बाटलीबाटलीने पाणी घालून ते विसरवाडीला परतले आणि तिथून सुरतेला. रोट त्या वर्षीही पुतण्यांनी खाल्ले.

गाडी मोकळ्या रस्त्यावर तापत नसे. वारा लागला की काटा खाली, गर्दीत किंवा चढावर वेग कमी झाला की काटा वर. म्हणजे रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. इतकं कुणीही सांगेल. पण हिलालभाऊंनी गेल्या वर्षी निघण्याआधी पंखा तपासला होता, आणि कसा, तर लूम तपासतात तसा. जॉबर लूमचं दुखणं कानाने ओळखत नाही, शेडमध्ये ते शक्यच नसतं. तो फ्रेमवर तळहात ठेवतो. हिलालभाऊंनी रेडिएटरच्या चौकटीवर तळहात ठेवला, थरथर लागली, पंखा चालू आहे म्हणून बोनेट बंद केलं. ती थरथर इंजिनची होती.

ऑटो-इलेक्ट्रिशियन मगनभाईने हे ऐकलं तेव्हा तो इतका हसला की चहा सांडला. "हिलालकाका, आंख आपी छे ने भगवाने? पंखो हाथथी नहीं, आंखथी जोवानो!"

"पत्र्याच्या मागे आहे रे तो, वाकल्याशिवाय दिसत नाही," हिलालभाऊ म्हणाले. "आणि हसतोस काय, तुझ्या पंख्यापेक्षा माझी लूम शहाणी. धागा तुटला की आपोआप थांबते. ही बया उकळेपर्यंत चालतच राहते, लाज नाही तिला."

मगनभाईने काम मात्र नीट केलं. पंख्याची वायर सोडून बॅटरीवरून थेट जोडली, पंखा फिरला. मोटर चांगली. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. पाणी तापलं की पंखा चालू करणारी एक कळ रेडिएटरला असते, तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या. पंखा क्षणभर घुटमळला आणि फिरला. म्हणजे कळ खराब, असा निष्कर्ष निघाला आणि नवी कळ बसली. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. पंखा आधी घुटमळला हे मी पाहिलं, मगनभाईनेही पाहिलं असणार, पण फिरला ना, मग घुटमळण्याचा हिशेब कोण विचारतो.

या वर्षी हर्षदाने मला गाठलं. "काका, तुम्ही जा ना सोबत. पप्पांना ऐकू येत नाही आणि मम्मी घाबरते. रस्तामां कंई थयुं तो?" मला अमळनेरला जायचंच होतं. म्हटलं, धुळ्याला उतरून पुढे जाईन.

रविवारी सकाळी निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, सगळं सुरळीत. हिलालभाऊ इतके खूश होते की उच्छलच्या आसपास गायला लागले. त्यांना स्वतःचा सूर ऐकू येत नाही, आम्हाला येत होता. वहिनी पुढच्या सीटवर, कमरेला उशी लावून, अंग चोरून बसल्या होत्या. त्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतं, बोनेटमधल्या पंख्याच्या आवाजाकडे होतं. नवापूरला रेल्वे फाटकापाशी गाडी थोडी थांबली, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर थाप मारून बोट गोल फिरवलं. पंखा फिरतो आहे. मग बोट थांबवलं. बंद पडला. मग पुन्हा फिरवलं.

हिलालभाऊंनी मान हलवली. "फिरी राह्यना ना? मग झालं."

विसरवाडी गेली आणि चढ लागला. पुढे खताच्या गोण्यांचे दोन ट्रॅक्टर होते, त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरवर सरकत होतो. काटा वर चढायला लागला. वहिनी काचेला कान लावून बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "बंद पडना." हिलालभाऊंनी पाहिलं नाही, तेव्हा त्यांचा दंड ओढून, तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "पंखा बंद पडना! थांबाडा गाडी!"

गेल्या वर्षी जिथे थांबले होते तिथून फार पुढे आलो नव्हतो. हिलालभाऊंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद करून किल्ली अर्धी फिरवून ठेवली आणि बोनेट उघडलं. पंखा थंड पडला होता आणि पाणी उकळायच्या बेतात होतं. त्यांनी टूलची पिशवी काढली. दुपार कलत होती. तिकडे आरती संध्याकाळी होती आणि आरतीनंतर रोट.

त्यांच्याकडे टेस्टरचा बल्ब होता, मगनभाईनेच दिलेला. एक वायर बॅटरीच्या वजा टोकाला लावली, दुसरी पंख्याकडे येणाऱ्या वायरीत टोचली. बल्ब लख्ख लागला. पुन्हा लावून पाहिला. पुन्हा लागला.

"करंट येतो आहे. मोटर चांगली आहे. मग हिला काय धाड भरली?" त्यांनी पंख्याच्या पात्याला पान्ह्याने एक हलका फटका दिला. पातं अर्धा फेरा फिरून थांबलं. ते खाली, रस्त्याच्या दगडावर बसले. "मेताजी, अप्पाला फोन करा. सांगा, येत नाही."

मी फोन काढला, पण लावला नाही. आमच्या धंद्यात ताळमेळ चुकला की एकच प्रश्न आधी विचारतात, फरक कोणत्या तारखेपासून पडतो? तो सवयीनेच माझ्या तोंडून गेला. त्यांच्यासमोर वाकून म्हटलं, "हिलालभाऊ, हे कधीपासून? आधी आपण बारडोलीला गेलो, तेव्हा भर चौकात अडकलो होतो की. तेव्हा तापली नाही."

ते आठवायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं, गाडीत बसल्या बसल्याच. "रंग दिधा तवयपाईन."

मी ते हिलालभाऊंना त्यांच्यासमोर तोंड करून सांगितलं. "वहिनी म्हणतात, रंग दिल्यापासून."

क्षणभर ते माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. मग उठले. बल्बची जी वायर बॅटरीला लावली होती ती काढली आणि पंख्याच्याच दुसऱ्या वायरीला, काळ्या, परत जाणाऱ्या वायरीला लावली. बल्ब लागला नाही. करंट येत होता, पण परत जायला वाट नव्हती. ती काळी वायर बोटाने चाचपत ते खाली गेले. दिव्याच्या मागे, गाडीच्या पत्र्याला ती एका बोल्टने आवळलेली होती. पेंटरने बोल्ट सोडला होता, पत्रा रंगवला होता आणि वाळलेल्या रंगावरच वायर पुन्हा कसून दिली होती. बोल्टच्या आट्यांमधून थोडा करंट कसाबसा जात असावा. थंड असताना पुरायचा, गाडी तापून थरथरली की तोही जायचा.

"भाऊबंदांसाठी रंगवली," हिलालभाऊ म्हणाले. बोल्ट काढला, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडायला लागले. आतला पत्रा दिसेपर्यंत खरवडला, पॉलिश पेपरने घासला, वायरीचं टोकही घासलं, बोल्ट आवळला. आवळताक्षणी पंखा असा सुटला की त्यांनी हात झटकन मागे घेतला. वहिनींनी आतून बोट गोल फिरवून दाखवलं, पण त्यांना ते दिसलं नाही. ते वाकून पात्यांकडे पाहत होते.

पाणी निवेपर्यंत थांबावं लागलं. मग घाट चढलो. दहिवेलला चहा प्यायलासुद्धा नाही. मला धुळ्याला उतरायचं होतं, पण हिलालभाऊंनी आधी गावाचा फाटा धरला.

आरती नुकतीच संपली होती. अंगणात माणसं होती, आत बायकांची गाणी चालू होती. गाडीभोवती पोरं जमली. रंगाबद्दल कुणीतरी काहीतरी चांगलं बोललंही, पण हिलालभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. लोटूअप्पा ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांना उठता येत नाही. हिलालभाऊ पाया पडले आणि त्यांच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी जवळच उभा होतो.

अप्पा बोलायला लागले. बरंच बोलले. हिलालभाऊ त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहत होते, हसत होते, मान हलवत होते. अप्पांनी विचारलं, "वाटमा काय तरास व्हयना का?" हिलालभाऊ म्हणाले, "हो, हो." अप्पांनी विचारलं, "किती दिन ऱ्हाशी?" हिलालभाऊ म्हणाले, "हो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अप्पांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. कवळी बसत नाही म्हणून ते लावत नाहीत. ओठ आत गेले होते आणि त्यांच्यावर पांढऱ्या मिशांचं छप्पर आलं होतं. शब्द कानाने ऐकणाऱ्यालाही जपून ऐकावे लागत होते. ओठांवरून वाचण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

वहिनींच्याही ते लक्षात आलं. त्या कमरेवर हात ठेवून हळूहळू जवळ आल्या, दोघांच्या मध्ये बसायला लागल्या. हिलालभाऊंनी त्यांचा हात धरून बाजूला केला. "तू नको," ते म्हणाले. रागाने नव्हे.

आतून बोलावणं आलं. भाऊबंद रोट खायला आत गेले. अप्पांना दोघांनी उचलून नेलं, त्यांच्या शेजारी हिलालभाऊ. मी बाहेरचा, माझी पंगत शेजारच्या ओट्यावर होती. तिथून मला आतलं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवी विसर्जनाला नदीवर नेली. परत आलो तर ओट्यावर वेगळाच तंटा चालू होता. हिलालभाऊंच्या हातात कातर होती आणि अप्पा मान मागे घेत होते.

"मिशा काढू का? घरमा कोन मरेल शे?"

"काढत नाही रे अप्पा. ओठावरची झालर फक्त."

हे त्यांनी अंदाजाने उत्तर दिलं होतं, अप्पांचा हात मिशीवर पाहून. भावजय इंदुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी अप्पांनी डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं. हिलालभाऊंनी बोटांनी ओठ दाबून धरून, केस केस करत मिशीची खालची कड कापली. मग कातर खाली ठेवून म्हणाले, "आता बोल."

अप्पा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं. ते म्हणाले, "बारीक व्हई गया तू." हिलालभाऊंनी तोंडाकडे पाहिलं, थोडा वेळ थांबले, "पुन्हा," म्हणाले. अप्पा पुन्हा बोलले. चौथ्या की पाचव्या वेळेला हिलालभाऊंचा चेहरा बदलला. "बारीक नाही झालो," ते म्हणाले. "आधीपासून असाच आहे."

दुपारी ते मला साक्रीच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी गर्दीतून चालवताना काटा जागचा हलला नाही. मी उतरल्यावर ते म्हणाले, "मेताजी, हर्षदाला सांगा, आम्ही राहतो थोडे दिवस."

"किती?"

"ते नाही सांगता येत. नवा कारीगर शेडमध्ये आला की त्याचं तोंड समजायला महिना लागायचा. आणि ते दातवाले होते." ते थोडं हसले. "आज एकच वाक्य समजलं. तो रात्रभर बोलत होता."

सुरतेला येऊन मी हर्षदाला हे सांगितलं. ती आधी चिडली. पोळ्याला येतील, मग नवरात्रात येतील, असं म्हणत राहिली. आता रविवारचा फोन ती करते, आणि तिकडे वहिनी उचलतात. मागून दोन म्हाताऱ्यांचा आवाज येतो म्हणते, एक बोबडा आणि एक फार मोठा. बोबडा काही सांगतो, मोठा आवाज म्हणतो, "पुन्हा." कधीकधी तेच पाच-सहा वेळा. मग बराच वेळ कुणीच बोलत नाही, आणि हर्षदा फोन कानाला लावून बसून राहते, या वेळी समजलं की नाही ते कळेपर्यंत.